‘भारतातली पहिली रेल्वे’ : पाच गुणांचं एक प्रकरण

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्या वाचनालयात मुलांची प्रश्नमंजूषा असते. परळ-लालबागच्या पट्ट्यातलं हे जुनं वाचनालय. खाली वर्तमानपत्रं, वर पुस्तकं. त्या दिवशी वरची टेबलं भिंतीला लावून सतरंज्या अंथरतो, पंख्याखालची जागा पकडायला मुलांची धावपळ उडते आणि पालक जिन्यापर्यंत उभे असतात. शाळेतून निवृत्त झाल्यापासून प्रश्न काढायचं काम माझ्याकडे आहे.

त्यातल्या एकाच प्रश्नाचं प्रकरण मी इथे पहिल्यापासून मांडते आहे. त्यात चूक माझी होती. ती कशी झाली हे तपासताना रंजक माहितीच्या त्या जाड, स्वस्त पुस्तकांबद्दल मला बरंच कळलं. माणसांची, वाचनालयाचं आणि त्या पुस्तकाचंही नाव मी देणार नाही. तसलं एखादं पुस्तक तुमच्याही कपाटात असेल.

काय घडलं

झटपट फेरी चालू होती. एका संघाला एक मिनिट, जमतील तेवढे प्रश्न, प्रत्येकी पाच गुण. या फेरीत सोपे प्रश्न मुद्दाम ठेवलेले असतात, कारण खरी कसोटी वेगाची असते. आठवीतल्या एका मुलीला मी विचारलं, ‘भारतातली पहिली रेल्वे कोणत्या साली धावली?’

ती थांबली. एरवी प्रश्न संपायच्या आत उत्तर देणारी मुलगी. मग तिने मलाच विचारलं, ‘बाई, प्रवाशांची की कुठलीही?’

‘प्रश्न आहे तसा ऐक. वेळ जातोय.’

‘मग अठराशे सदतीस.’

मागून हशा आला. मुंबईच्या मुलांना १८५३ पाठ असतं, आमच्या भागात तर जास्तच, कारण निम्म्या घरांत कुणी ना कुणी रेल्वेत होतं किंवा आहे. मी ‘चूक’ म्हटलं आणि पुढचं कार्ड उचललं. तिचा संघ पाच गुणांनी हरला. बक्षीस वाटताना ती टाळ्या वाजवत होती, पण माझ्याकडे पाहत नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचे वडील आले. परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर. अंगात कामावरचेच कपडे, हातात डबा.

‘बाई, राग मानू नका. निकाल बदला म्हणायला नाही आलो. पण पोरगी रात्रभर एकच विचारतेय, मी चुकले कुठे? मला काय सांगता येईना.’

मी कपाटातून पुस्तक काढलं आणि पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. ‘भारतातील पहिली रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी व्हीटी ते ठाणे या मार्गावर धावली.’ त्यांनी ओळ दोनदा वाचली. ‘पुस्तकात आहे खरं,’ एवढंच म्हणाले आणि जायला निघाले. जिन्याशी थांबून मात्र वळले. ‘पण बाई, त्या वर्षी व्हीटी होतं कुठे? बोरीबंदर म्हणा.’

ते गेल्यावर मी ते पुस्तक घेऊन बराच वेळ बसून राहिले. छापील ओळीपुढे त्यांनी मान तुकवली, पण ती ओळ चुकीची आहे हे त्यांच्या कामाच्या माहितीतून त्यांना कळलं होतं. मला ते कळायला हवं होतं.

ती ओळ तपासताना

आधी व्हीटी. १८५३ मध्ये गाडी सुटली ती बोरीबंदरच्या साध्या स्थानकातून. आज आपण ज्या इमारतीकडे मान वर करून पाहतो, तिचं काम १८७८ मध्ये सुरू झालं. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा. १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, स्थानकाला तिचं नाव मिळालं. म्हणजे पुस्तकातल्या ओळीने चौतीस वर्षांनी ठेवलेलं नाव मागे नेऊन चिकटवलं होतं.

मग वर्ष. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी साडेतीन वाजता बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली. चौदा डबे, ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, सुमारे चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी, चौतीस किलोमीटरचा रस्ता. हे सगळं खरं आहे आणि मुंबईने त्याचा अभिमान बाळगावा असंच आहे. ही भारतातली पहिली प्रवासी रेल्वे.

पण रूळ त्याआधीही होते. १८३७ मध्ये मद्रासजवळ रेड हिल्स ते चिंताद्रीपेट असा लोहमार्ग चालू झाला. रस्ते बांधायला लागणारा दगड त्यावरून वाहून आणत, आणि त्यामागे आर्थर कॉटन हे अभियंते होते. १८५१ मध्ये रूरकीजवळ गंगा कालव्याचं काम चालू होतं. तिथे सोलानी नदीवर जलसेतू बांधायला माती आणि सामान नेण्यासाठी ‘थॉमसन’ नावाचं वाफेचं इंजिन रुळांवर धावलं. मुलीने विचारलेला प्रश्न, ‘प्रवाशांची की कुठलीही?’, अचूक होता. मी ‘आहे तसा ऐक’ म्हटलं, आणि तिने प्रश्न आहे तसाच ऐकून बरोबर उत्तर दिलं.

इथे मला स्वतःची बाजू सावरायची इच्छा झाली, हे कबूल करते. ‘रेल्वे म्हटलं की प्रवासी गाडीच कुणाच्याही मनात येते’, असं मी कार्यवाहांना सांगणार होते. मग त्याच पुस्तकातली इतर पानं डोळ्यांपुढे आली. एखाद्या बिनमहत्त्वाच्या शब्दासारखा दिसणारा ‘प्रवासी’ गळला की ओळ आटोपशीर होते, जिभेवर बसते आणि खोटी होते. अशा पुस्तकाची प्रत्येक ओळ एका दमात वाचता यायला हवी, म्हणून तिला लागून असलेली अट, काळ, ‘बहुधा’, ‘असं मानतात’ हे सगळं छाटलं जातं. वाचणाऱ्याला गोडी लागते ती याच छाटणीमुळे. आणि चूकही तिथूनच शिरते.

तीन पुस्तकं, एक साक्षीदार

प्रश्न काढताना मी निष्काळजी नव्हते. माझा एक नियम होता: एक माहिती किमान तीन पुस्तकांत सापडली तरच ती कार्डावर घ्यायची. रेल्वेची ओळ मी तीन पुस्तकांत पाहिली होती. वडिलांच्या बोलण्यानंतर मी ती तिन्ही शेजारी ठेवली. तिन्हींत ‘व्हीटी ते ठाणे’. तिन्हींत ‘प्रवासी’ शब्द नाही. एकात तर वाक्यरचनाही तीच.

बरोबर उत्तरं सारखी असण्यात नवल नसतं. चूक सारखी असली की समजावं, एकाने दुसऱ्याचं उतरवून घेतलं आहे. वर्गात वह्या तपासताना हे मी आयुष्यभर केलं; शेजारी बसलेल्या दोन मुलांचं गणित एकाच पायरीवर एकाच तऱ्हेने चुकलं की मला वेगळी चौकशी करावी लागत नसे. पुस्तकांच्या बाबतीत मात्र माझी ही नजर कुठे गेली होती कोण जाणे. मी ज्यांना तीन साक्षीदार समजत होते, तो एकच माणूस तीन सदरे घालून आला होता.

या उतरवण्याबद्दल अमेरिकेतला एक खटला प्रसिद्ध आहे. फ्रेड वर्थ यांनी १९७४ मध्ये रंजक माहितीचा एक कोश काढला. टीव्हीवर त्या काळी कोलंबो नावाच्या पोलीस अधिकाऱ्याची मालिका गाजत होती, आणि त्याचं पहिलं नाव मालिकेत कुणी उच्चारत नसे. वर्थ यांनी आपल्या कोशात ते ‘फिलिप’ असल्याचं लिहिलं. हे त्यांनी मुद्दाम पेरलेलं खोटं होतं; कुणी आपलं पुस्तक चोरलं तर या नावावरून पकडता यावं म्हणून. पुढे ‘ट्रिव्हियल पर्सूट’ हा प्रश्नांचा खेळ अफाट खपला, आणि त्याच्या एका कार्डावर कोलंबोचं पहिलं नाव फिलिप असं उत्तर आलं. वर्थ यांनी १९८४ मध्ये तीस कोटी डॉलरचा दावा लावला. खेळ बनवणाऱ्यांनी त्यांचा कोश वापरल्याचं नाकारलं नाही. तो आमच्या अनेक आधारांपैकी एक, असं त्यांचं म्हणणं होतं. वर्थ हरले, आणि १९८७ मध्ये अपील न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला. सुट्या माहितीवर कुणाची मालकी नसते, असं त्यामागचं तत्त्व.

कायद्याने ते योग्यच आहे. पण वाचकाच्या बाजूने पाहिलं तर कसं दिसतं? माहितीवर मालकी नाही, म्हणून तिच्यावर जबाबदारीही कुणाची नाही. माझ्या पुस्तकात हजारो ओळी होत्या आणि एकाही ओळीखाली ती कुठून घेतली हे नव्हतं. मराठी विश्वकोशात नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं आणि संदर्भग्रंथ असतात. चुकलंच तर कुणाशी बोलायचं ते कळतं. केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड आज कितीही जुने वाटोत, त्यांच्यामागे नाव घेऊन उभा असलेला माणूस होता.

मुलीचं पुस्तक

चार दिवसांनी मुलगी स्वतः आली. ‘बाई, माझं पण पुस्तक बघा ना.’

माटुंग्याला महेश्वरी उद्यानाच्या कडेला पदपथावर जुनी पुस्तकं विकतात. तिथून वडिलांनी तिला एक इंग्रजी पुस्तक आणून दिलं होतं. मुखपृष्ठ गेलेलं, पाठीला खाकी चिकटपट्टी. त्यात १८३७ ची ओळ होती, रेड हिल्सच्या नावासकट. म्हणजे तिचा आधारही त्याच जातीचा होता! तिथेही ओळीखाली आधार नव्हता. आणि समोरच्याच पानावर लिहिलं होतं की चंद्रावरून चीनची भिंत दिसते.

ती ओळ मी तिला वाचून दाखवली. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर. भिंत लांबीला हजारो किलोमीटर असली तरी रुंदीला काही मीटर, आणि रंगही आजूबाजूच्या मातीसारखा. चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई २००३ मध्ये पृथ्वीभोवती फिरून आले. चंद्राच्या मानाने ते अगदी जवळ होते, तरी त्यांनाही ती दिसली नाही, आणि त्यांनी तसं सांगितलं. हे विधान चंद्रावर माणूस जाण्याच्या कितीतरी आधीपासून छापलं जात होतं. अमेरिकेतल्या रिप्ले यांच्या नवलाईच्या चित्रमालिकेत ते १९३२ मध्येच आलं होतं. पाहणारा कुणी नव्हता तेव्हापासून ‘दिसतं’ असं लिहिलं जात होतं.

ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘म्हणजे माझं अठराशे सदतीस पण खोटं?’

हा प्रश्न मला या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा वाटतो. एकाच पुस्तकात समोरासमोरच्या पानांवर एक ओळ खरी आणि एक खोटी होती. दोघींचा टाईप एक, शाई एक, ठामपणाही तेवढाच. वाचणाऱ्याला फरक कळायला कुठलीच खूण नव्हती. ‘तुझं अठराशे सदतीस खरं आहे,’ मी म्हटलं, ‘पण ते तुझ्या पुस्तकावरून मला कळलेलं नाही.’

मला शंका का आली नाही

व्हीटीची ओळ मी कितीदा वाचली असेन. शाळेत शिकवताना, कार्डं लिहिताना, ट्रेनमध्ये. लोकलमध्ये विक्रेते सामान्यज्ञानाच्या छोट्या पुस्तिका विकतात. दारातून शिरल्यापासून पुढच्या स्थानकापर्यंत त्यातले पाच-सहा प्रश्न खड्या आवाजात म्हणतात. ती ओळ माझ्या कानावर इतकी पडली होती की ती मी कधी तपासली नाही, हे मी विसरून गेले होते.

यावर मानसशास्त्रात जुना प्रयोग आहे, आणि गंमत म्हणजे तो याच प्रकारच्या वाक्यांवर केलेला आहे. १९७७ मध्ये लिन हॅशर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सामान्यज्ञानाची वाक्यं दिली, काही खरी, काही खोटी. ती किती खरी वाटतात हे दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा विचारलं. जी वाक्यं पुन्हा पुन्हा आली ती विद्यार्थ्यांना जास्त खरी वाटू लागली, मग ती मुळात खोटी का असेनात. २०१५ मध्ये लिसा फेझिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट आढळली: बरोबर उत्तर ठाऊक असलेल्या माणसांवरही खोट्या वाक्याच्या पुनरावृत्तीचा परिणाम होतो. बोरीबंदर हे नाव मला माहीत होतं. व्हीटी नंतर बांधलं हेही माहीत होतं. तरी ‘१८५३, व्हीटी ते ठाणे’ मी बिनदिक्कत वाचत आले होते.

डबा उपसला

मग मी प्रश्नांचा जुना डबा, बिस्किटांचा पत्र्याचा, टेबलावर उपडा केला आणि त्या पुस्तकातून घेतलेली सगळी कार्डं वेगळी काढली. बरीचशी बरोबर निघाली, हे आधी सांगायला हवं. मुंबईचा शेअर बाजार १८७५ चा आणि आशियातला सगळ्यात जुना, कळसूबाई १६४६ मीटर, ही कार्डं आजही डब्यात आहेत.

काही कार्डं नुसती शिळी झाली होती. महाराष्ट्रात ३५ जिल्हे, असं एकावर होतं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर झाल्यापासून ३६ आहेत. ग्रह नऊ, हे २००६ मध्ये संपलं. सर्वांत जास्त चंद्र गुरूचे की शनीचे, याचं उत्तर तर २०२३ च्या एकाच वर्षात फेब्रुवारीत गुरूकडे गेलं आणि मेमध्ये शनीकडे परत आलं. अशा चुकांचा मला राग येत नाही. पुस्तक छापलं तेव्हा ते खरं होतं.

‘आपला राष्ट्रीय खेळ हॉकी’ हे मात्र कधीच खरं नव्हतं. २०१२ मध्ये लखनौच्या एका शाळकरी मुलीने माहितीच्या अधिकारात विचारलं, तेव्हा केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाने उत्तर दिलं की कुठलाही खेळ राष्ट्रीय म्हणून जाहीर केलेला नाही. ‘हिंदी ही राष्ट्रभाषा’ हेही तसंच. घटनेच्या कलम ३४३ मध्ये हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे; राष्ट्रभाषा असा शब्द तिथे नाही.

एका कार्डापाशी मी फार वेळ थांबले. ‘मुंबईतील कोणते हॉटेल चुकून उलटे बांधले गेले?’ उत्तर, ताजमहाल. खाली कंसात मी माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: विलायती वास्तुविशारदाने परत येऊन पाहिले आणि आत्महत्या केली. ही गोष्ट मी कितीतरी मुलांना सांगितली आहे. मुलं डोळे विस्फारून ऐकतात.

ताज १६ डिसेंबर १९०३ ला उघडलं. तेव्हा समोर गेटवे नव्हता. तो पुरा झाला १९२४ मध्ये. पाहुण्यांच्या घोडागाड्या शहराच्या बाजूने येत, म्हणून मूळ प्रवेशद्वार तिकडे, आज जिथे पोहण्याचा तलाव आहे त्या अंगाला. आराखडा मुळातच तसा होता. आणि तो आराखडा करणारे होते सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा. वैद्य यांचं निधन काम चालू असतानाच झालं, आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते पुरं केलं. उलट्या बांधकामाची आणि वरून उडी मारणाऱ्या वास्तुविशारदाची हीच कथा ग्लासगोच्या केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालयाबद्दलही सांगतात. तिथेही ती खोटी आहे. गावोगाव फिरणारी कथा आमच्या शहरात आली आणि तिने वैद्यांची जागा घेतली. एका मराठी माणसाने मुंबईच्या सगळ्यात देखण्या इमारतींपैकी एक रेखाटली, हे मुलांना सांगायची संधी मी वर्षानुवर्षं घालवली. याचं मला खरोखर वाईट वाटतं, रेल्वेच्या प्रश्नापेक्षाही जास्त.

आणखी एक कार्ड मी कायमचं काढलं: ‘आशियातली सर्वांत मोठी झोपडपट्टी कोणती?’ कराचीच्या ओरंगीचं नावही याच बिरुदासाठी घेतात, आणि झोपडपट्टी कशाला म्हणायचं याची व्याख्या देशागणिक बदलते, त्यामुळे उत्तर टिकत नाही. पण मुख्य कारण वेगळं आहे. धारावीची मुलं आमच्या स्पर्धेला येतात. आपल्या घराचा पत्ता पाच गुणांचं उत्तर म्हणून ऐकायला लागावा, हे मला आता सहन होत नाही.

पुस्तक ठेवायचं की नाही

समितीच्या बैठकीत एका सदस्याचं म्हणणं पडलं, असली पुस्तकं वाचनालयातून काढूनच टाकू. मी विरोध केला.

आमच्या देवघेव-वहीत सगळ्यात जास्त नोंदी त्या पुस्तकाच्या आहेत. कादंबरीला हात न लावणारी मुलं ते उभ्या उभ्या वाचतात. रात्रपाळी करून आलेला माणूस झोप येईपर्यंत चार पानं वाचू शकतो. मधूनच उघडलं तरी चालतं, कालचं काही आठवावं लागत नाही. आणि त्या ओळी वाटता येतात. ‘तुला माहितीये का’ म्हणून चाळीच्या गॅलरीत सांगता येतात, आणि सांगणारा क्षणभर मोठा होतो. फिटर बापाच्या मुलीला मद्रासच्या दगडगाड्या ठाऊक असाव्यात, हे त्या चिकटपट्टीच्या पुस्तकानेच घडवलं ना?

कुतूहलाचा फायदा प्रयोगातही दिसला आहे. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी लोकांना असेच प्रश्न विचारले आणि उत्तर दाखवण्याआधी थोडा वेळ थांबवलं. त्या मधल्या वेळात पडद्यावर एक अनोळखी चेहरा दाखवला. ज्या प्रश्नाची ओढ जास्त होती, त्या वेळी पाहिलेला चेहराही नंतर जास्त लक्षात राहिला. मन उघडं असताना शेजारून जाणारं काहीही आत शिरतं. म्हणूनच त्या क्षणी आत काय जातंय याची काळजी मला जास्त वाटते.

शिवाय या जातीच्या पुस्तकांचा जन्म भांडण मिटवायला झालेला आहे. १९५१ मध्ये आयर्लंडच्या वेक्सफर्ड परगण्यात गिनेस कंपनीचे ह्यू बीव्हर शिकारीला गेले होते. त्यांचा नेम चुकला आणि वाद निघाला: युरोपात ज्यांची शिकार करतात त्या पक्ष्यांत सगळ्यात वेगवान कोणता? घरातल्या कुठल्याच संदर्भग्रंथात उत्तर मिळेना. त्यातून १९५५ मध्ये विश्वविक्रमांचं पहिलं पुस्तक निघालं. मूळ ओढ साधी आहे, आपण बरोबर होतो का हे जाणून घ्यायची. तीच ओढ घेऊन ती मुलगी माझ्याकडे आली होती.

पुस्तक राहिलं. त्याला दोरीने एक पेन्सिल बांधली. ज्याला चूक सापडेल त्याने समासात लिहायचं, आणि ती कुठून कळली तेही लिहायचं.

निकाल

बैठकीत ‘निकाल लागला, आता कशाला उकरायचं’ असंही म्हणून झालं. मी प्रश्न, कार्ड आणि तिन्ही पुस्तकं टेबलावर ठेवली. शेवटी ठरलं की मुलीला पाच गुण द्यायचे. त्यामुळे दोन्ही संघ बरोबरीत आले. जिंकलेल्या दोन मुलांच्या घरी मी स्वतः गेले. त्यातला एक म्हणाला, ‘बाई, आम्हीपण अठराशे त्रेपन्नच म्हणालो असतो.’ दुसऱ्याला जास्त वाईट वाटलं, आणि ते स्वाभाविक होतं. त्याच्या आईने ढाल टीव्हीवर मांडून ठेवली होती. आता फिरती ढाल सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे.

कार्डांच्या पाठीमागे आता मी तीन गोष्टी लिहिते: हे कोणत्या अटीवर खरं आहे, कोणत्या तारखेपर्यंत खरं आहे, आणि पहिल्यांदा कुणी नोंदवलं. तिसरी गोष्ट मिळत नसेल तर प्रश्न घेत नाही. त्यामुळे डबा हलका झाला आहे. झटपट फेरी आम्ही बंद केली नाही, पण मुलाने प्रश्नावर प्रश्न विचारला तर घड्याळ थांबवायचं, असा नियम केला.

ती मुलगी आता नववीत आहे आणि यंदा स्पर्धेत न बसता माझ्याबरोबर कार्डं लिहायला बसली. ‘भारतातला पहिला चित्रपट कोणता?’ या जुन्या कार्डावर तिचं पेन अडलं. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. दादासाहेब तोरण्यांचा ‘पुंडलिक’ त्याच थिएटरात १८ मे १९१२ ला लागला होता. पण ते रंगभूमीवरच्या नाटकाचं चित्रण होतं, कॅमेरामन इंग्रज होता आणि फिल्म धुतली गेली लंडनला.

‘बाई, ‘पहिला’ काढून टाकू?’

‘मग मुलांना मजा काय येणार?’

तिने थोडा विचार केला आणि कार्डावर लिहिलं: ‘कोरोनेशनमध्ये वर्षभराच्या अंतराने लागलेल्या या दोन चित्रपटांपैकी पहिला कोणता म्हणाल आणि का? दोन्ही उत्तरांना गुण आहेत.’ मग कार्ड उलटलं आणि पाठीमागे अटी लिहू लागली. जागा पुरली नाही, म्हणून दुसरं कार्ड टाचणीने जोडून घेतलं.